एलएत नवीन आलेल्यांसाठी: यूएससी-यूसीएलएच्या भांडणात कसं पडायचं

ऑगस्टमध्ये पोरं लॉस एंजेलिसला, म्हणजे एलएत, उतरली की पहिले तीन महिने प्रश्न ठरलेले, कुकर इथं मिळेल का, गादी कोण विकतंय, आर्टिशियाला पायोनियर बुलेवार्डवर किराणा आणायला कुणाची गाडी जातेय का. मग नोव्हेंबर येतो आणि एकदम फोन, "दादा, कॅम्पसवरच्या त्या पुतळ्याला चिकटपट्टीत गुंडाळलाय आणि पोरं रात्रभर तिथं पहारा देतायत, काय झालंय?" काही झालं नाही रे बाबा, यूसीएलएची मॅच आलीय, म्हणजे एलएतल्या यूएससी आणि यूसीएलए या दोन युनिव्हर्सिटींची दरवर्षीची अमेरिकन फुटबॉलची मॅच. दरवर्षी हेच सांगत बसावं लागतं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

माझी बाजू आधीच सांगतो, नंतर ओरडायचं नाही. मी यूएससीचा, एमएस तिथंच. बायको यूसीएलएची, पीएचडी. घरच्यांनी पत्रिका बघून लग्न ठरवलं, हा दोष पत्रिकेत कुणालाच दिसला नाही.

तर पहिलं काम, बाजू घ्या. ॲडमिशनचं पत्र जिथलं आलं ती आपली बाजू, विषय संपला. आपली बरीच पोरं "आपण क्रिकेटवाले, आपल्याला काय त्याचं" म्हणत दोन वर्षं लॅब, अपार्टमेंट आणि कॉस्टको एवढ्यातच काढतात आणि एकही मॅच न बघता बे एरियात नोकरीला पळतात. पुढं कुठंही इंटरव्ह्यूला समोर एलएचा माणूस बसला की तो पहिली दोन मिनिटं याच विषयावर बोलतो, तिथं "मी बघत नाही" म्हणालात की गप्पाच संपतात. "दोन्ही चांगल्या" हे उत्तर तर अजिबात देऊ नका, दोन्हीकडचे लोक तुम्हाला समोरचाच समजतात.

भांडण एवढं का पेटतं त्याचं कारण नकाशात आहे. यूएससी १८८० ची, खाजगी, डाउनटाउनच्या जरा खाली. यूसीएलए १९१९ ची, सरकारी, १९२९ पासून वेस्टवुडला. मधे जेमतेम बारा-तेरा मैल (संध्याकाळी पाच वाजता तेवढ्याला तास जातो ते वेगळं). दुसरीकडं मोठ्या टीमचा शत्रू दुसऱ्या गावात राहतो, वर्षातून एकदा येतो आणि जातो. इथं तो शेजारच्या क्यूबिकलमध्ये बसतो, तुमचा डेंटिस्ट असतो, आमच्याकडं तर चहा करतो. हरलात तर पुढचे ३६४ दिवस रोज कुणीतरी ऐकवणारच. यूसीएलएवाले म्हणणार तुम्ही बापाच्या पैशावर शिकलेले लाडावलेले, यूएससीवाले म्हणणार तुम्ही बर्कलेची दक्षिणेतली शाखा. हे दुसरं जास्त झोंबतं, कारण सुरुवातीला त्यांचं अधिकृत नावच 'सदर्न ब्रँच' होतं! आमच्याकडं फी भरताना डोळ्यात पाणी येतं तो भाग मी इथं मुद्दाम टाळतोय.

कपडे. यूएससी म्हणजे गडद लाल आणि सोनेरी, यूसीएलए म्हणजे निळा आणि सोनेरी. त्या आठवड्यात समोरच्याचा रंग अंगावर नको. पहिल्या वर्षी मी कोलिझियमला, म्हणजे यूएससीच्या मैदानावर, आकाशी टीशर्ट घालून गेलो, कारण काय तर धुतलेला तेवढा एकच होता. मागच्या रांगेत लाल स्वेटर घातलेले एक आजोबा होते, ऐंशीच्या घरातले. काही बोलले नाहीत, पिशवीतून स्वतःचा जादा लाल टीशर्ट काढला, माझ्या खांद्यावर ठेवला आणि परत शेंगदाणे सोलायला लागले. मी मुकाट्याने वरून चढवला. एक्सएक्सएल होता, गुडघ्यापर्यंत आला, अजून घरी आहे. एक जुगाड सांगून ठेवतो, पिवळा-सोनेरी दोन्हीकडं चालतो, त्यामुळे दिवाळीतला हळदी कुर्ता असेल तर कुठंही बिनधास्त बसा. आणि बोलताना यूएससीला 'एससी' म्हणा, 'सदर्न कॅल' म्हणालात तर आमचे लोक तोंड वाकडं करतात.

आता घंटा. हे नीट वाचा, कारण मॅचला कप-बिप नाही, जिंकणाऱ्याला घंटा मिळते. पितळी, २९५ पौंडांची, म्हणजे एकशे तेहेतीस-चौतीस किलो, मुळात सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या इंजिनावरची. १९३९ मध्ये यूसीएलएच्या माजी विद्यार्थ्यांनी ती आपल्या पोरांना भेट दिली. १९४१ मध्ये त्यांच्या एका मॅचनंतर घंटा ट्रकवर चढवायला चार हात मदतीला आले, त्या हातांत यूएससीची पोरं होती, साळसूदपणे यूसीएलएच्या गर्दीत घुसलेली. घंटा चढवून झाली आणि ट्रकची किल्ली गायब. ड्रायव्हर दुसरी किल्ली आणायला गेला आणि हे पठ्ठे ट्रकसकट पसार! मग वर्षभर लपवाछपवी, आज तळघरात, उद्या हॉलिवूडच्या टेकड्यांत, मधेच कुठं गवताच्या गंजीखाली. प्रकरण हाताबाहेर जायला लागलं तेव्हा १२ नोव्हेंबर १९४२ ला दोन्हीकडच्या विद्यार्थी अध्यक्षांनी टॉमी ट्रोजनच्या, म्हणजे तुम्ही फोन करून विचारलेल्या त्याच पुतळ्याच्या, समोर उभं राहून करार केला की आजपासून मॅच जिंकेल त्याच्याकडं वर्षभर घंटा. जिंकलेली पोरं घंटेचा गाडा आपल्या रंगात रंगवतात. गाडा यंदा लाल आहे की निळा एवढं बघून ठेवलंत तरी निम्मी माहिती झाली.

चिकटपट्टीचं कारण पण हेच, एकमेकांच्या पुतळ्यांना रंग फासायची जुनी खोड. म्हणून इकडं टॉमीला गुंडाळतात, तिकडं वेस्टवुडला अस्वलाचा पुतळा आहे त्याला झाकतात. तुम्ही फोटो काढा, रंगबिंग लावायच्या फंदात पडू नका. एफ-१ व्हिसावर आहात, अमेरिकन पोरगं सुटेल, तुमची कागदपत्रं लटकतील.

मॅच कळण्यापुरता फुटबॉल शिकायला दहा मिनिटं पुरतात (आपला फुटबॉल नाही, हा हेल्मेटवाला). ओव्हरमध्ये सहा बॉल तसे इथं चार डाउन, तेवढ्यात दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलात तर परत चार मिळतात, नाही तर बॉल समोरच्याकडं. बहुतेक वेळा तीन डाउनमध्ये नाही जमलं की चौथ्याला लाथ मारून बॉल लांब देतात. शेवटच्या पट्ट्यात पोचलात की टचडाउन, ६ पॉइंट, त्यावर किक मारून १, आणि लांबूनच किक खांबांतून घातली तर ३. १९६७ ची मॅच घ्या, सगळा हिशोब त्यात येतो. यूसीएलए देशात एक नंबर, यूएससी चार नंबर. दोघांनी तीन-तीन टचडाउन केले, शेवटचा ओ. जे. सिम्पसनने ६४ यार्ड पळत जाऊन (तोच तो, पुढं ज्याचा खुनाचा खटला गाजला). पण यूसीएलएची एक किक हुकली होती. २१-२०. एका पॉइंटने सीझन फिरला. त्या वर्षीची हाइसमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला देतात ती) मात्र यूसीएलएच्या गॅरी बेबनला मिळाली, हे मला दरवर्षी घरात ऐकवलं जातं.

जुने स्कोअर दोन-तीन पाठ ठेवा, वादात कामाला येतात. यूएससीवाले असाल तर १९२९ ची पहिलीच मॅच ७६-०, आणि २०११ ची ५०-०. यूसीएलएवाले असाल तर १९९१ ते १९९८ सलग आठ विजय, आणि मुख्य म्हणजे २००६ चा १३-९, त्या दिवशी यूएससी नॅशनल फायनलच्या दारात उभी होती आणि यूसीएलएने दार तोंडावर आपटलं. हा आकडा माझ्यासमोर काढू नका प्लीज.

जायचं कसं. विषम साली यूएससीचं घर म्हणजे कोलिझियम, एक्स्पोझिशन पार्कमध्ये, १९३२ आणि १९८४ चं ऑलिम्पिक झालं तेच. कॅम्पसवरून चालत पाच मिनिटं, लांबून येणाऱ्यांनी मेट्रोची ई लाइन पकडावी, गाडी आणलीत तर पार्किंगवाले तुमच्याकडं बघून भाव ठरवतात. सम साली यूसीएलएचं घर, आणि गंमत म्हणजे ते वेस्टवुडला नाहीच, १९८२ पासून पॅसाडिनाचा रोझ बोल. आधी दोन्ही टीम कोलिझियमच वापरायच्या, एकाच वाड्यातली दोन बिऱ्हाडं. आता यूसीएलएला रोझ बोल सोडून सोफाय स्टेडियमला जायचंय म्हणून २०२५ मध्ये पॅसाडिना शहर कोर्टात गेलं, तेव्हा तिकीट काढताना मैदानाचं नाव दोनदा वाचा. रोझ बोलला जायचं तर ए लाइनने मेमोरियल पार्क, उतरून ओल्ड पॅसाडिनातून शटल. गाडीवाले गोल्फ कोर्सच्या गवतावर पार्किंग करतात आणि मॅच संपल्यावर तिथून निघायला लागतो तेवढ्या वेळात पुण्याहून मुंबई गाठाल. बॅग पारदर्शकच लागते, लॅपटॉपची सॅक घेऊन गेलात की गेटवरून परत. विद्यार्थ्यांनी सीझनचा पास आधीच घ्यावा, याच मॅचचं सुटं तिकीट नंतर बाहेर शोधायला गेलात तर महिन्याचं किराणा बजेट जाईल. जाकीट न्या, रोझ बोल दरीत आहे, सूर्य गेला की नोव्हेंबरात बाकडं गार पडतं.

मॅचच्या आधी चार-पाच तास टेलगेट असतं, म्हणजे गाडीची डिकी उघडून शेगडी लावून खात बसायचं, थोडक्यात शेतावरची पार्टी, फक्त पार्किंगमध्ये. आम्ही बटाटेवडे नेतो. घरून अर्धे तळून न्यायचे आणि तिथं परत तेलात सोडायचे, सुक्या लसणाची चटणी वेगळ्या डब्यात. शेजारच्या गाड्यांवरचे लोक वासाने येतात, बर्गर देऊन वडे नेतात, या एका दिवशी निळे पण येतात आणि मी त्यांना चटणी जरा जास्त वाढतो.

आत गेल्यावर ओरडायचं कसं? यूएससीकडं दोन बोटं वर करून 'फाइट ऑन', बँड एकच ट्यून एवढ्या वेळा वाजवतो की रात्री झोपेत ऐकू येते, कोलिझियमवर आपण स्कोअर केला की ट्रॅव्हलर नावाचा पांढरा घोडा धावतो. यूसीएलएकडं 'एट क्लॅप', आठ टाळ्या आणि मग एकेक अक्षर. पुरुषोत्तमला भरत नाट्यच्या बाल्कनीत "आव्वाज कुणाचा" केलेलं असेल तर हे तुम्हाला पहिल्याच दिवशी जमतं, फक्त घसा जपा. आणि दोन्ही टीम आपापल्या रंगीत जर्सीत उतरतात हे बघा, एरवी पाहुणे पांढऱ्यात असतात. ही जुनी रीत मधे बंद पडली होती, २००८ मध्ये यूएससी रोझ बोलवर मुद्दाम लाल घालून उतरली आणि त्याची शिक्षा म्हणून टाइमआउट गमावला, पुढच्या वर्षी नियमच बदलला.

फुटबॉल महाग वाटला तर बाकीचे खेळ बघा, खरं तर मजा तिथं जास्त आहे आणि कुणी सांगत नाही. गावाकडं व्हॉलीबॉल खेळलेले असाल तर यूसीएलएची पुरुषांची टीम चुकवू नका, त्यांच्या अल स्केट्स नावाच्या कोचने १९ नॅशनल टायटल मिळवली. बीच व्हॉलीबॉलमध्ये २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं यूएससीच्या मुली, त्यातल्या तीन फायनल यूसीएलएच्याच विरुद्ध. बास्केटबॉलमध्ये मात्र पॉली पॅव्हिलियनला गेलात की तोंड बंद ठेवा, जॉन वुडनने १२ वर्षांत १० टायटल जिंकलेली आहेत, त्याच्यापुढं आमच्याकडं बोलायला काही नाही. मुलींच्या बास्केटबॉलमध्ये बोलू शकता, फेब्रुवारी २०२५ मध्ये यूसीएलए एक नंबरवर होती आणि जूजू वॉटकिन्सने एकटीने ३८ पॉइंट मारून तिला हरवलं. महिन्याभरात बिग टेनच्या (दोघी खेळतात त्या लीगच्या) फायनलमध्ये त्यांनी वचपा काढला, ते पण सांगतो, नाहीतर आमच्याकडं रात्रीचं जेवण नाही.

अभ्यासातलं भांडण लॅबमध्ये चालतं, इथं जपून, कारण इथं कोण कुणाचं हेच कळत नाही. बायको म्हणते इंटरनेटचा पहिला मेसेज यूसीएलएतून गेला, २९ ऑक्टोबर १९६९, लॉगिन टाइप करायला घेतलं आणि दोन अक्षरांतच समोरची सिस्टिम झोपली. खरं आहे. मी म्हणतो ठीक आहे, पण डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी यंत्रणा, १९८३ मध्ये यूएससीच्या आयएसआय या संशोधन संस्थेत बनलं, ते नसतं तर तुम्ही आकडे टाइप करत बसला असता. मग ती म्हणते तिथला जॉन पोस्टेल शिकला कुठं? यूसीएलएत. असं हे संपत नाही. आपल्या निम्म्या पोरांच्या डिग्रीवर 'व्हिटर्बी' (यूएससीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव) छापलेलं असतं, त्या अँड्र्यू व्हिटर्बीची पीएचडी यूएससीची, पण ज्या अल्गोरिदमने नाव झालं तो १९६७ मध्ये छापला तेव्हा साहेब यूसीएलएत शिकवत होते. आणि २००४ मध्ये ५२ मिलियन डॉलर दिले ते यूएससीला! हे यूसीएलएवाल्यासमोर हळूच सोडायचं आणि चहा घ्यायचा. प्रोफेसरांची पळवापळवी पण चालते, २०१३ मध्ये मेंदूच्या इमेजिंगवर काम करणारे टोगा आणि थॉम्पसन यूसीएलए सोडून यूएससीत आले तेव्हा दोन माणसं नाही, अख्खी लॅब उठून आली. गाइड कुठल्या बाजूचा ते माहीत नसेल तर पहिल्या मीटिंगला यातलं काही काढू नका, त्याच्या भिंतीवरची डिग्री आधी वाचा.

आमच्यासारखं मिश्र घर असेल तर एक नियम लावून घ्या, मॅचच्या दिवशी सासू-सासऱ्यांना व्हिडिओ कॉल नाही. आमच्या देवघरात आईने दिलेली पितळी घंटी आहे, जिंकेल त्याने तिच्या दांड्याला आपल्या रंगाची रिबन बांधायची आणि वर्षभर काढायची नाही. २०२३ ला ३८-२० झालं, हिने निळी बांधली आणि रोज आरतीला जरा जास्तच जोरात वाजवली. २०२४ ला रोझ बोलवर १९-१३, मी रात्री अकराला घरी आलो, हातपाय धुतले, कात्री घेतली आणि निळी कापून लाल बांधली. दुसऱ्या दिवशी फोनवर आई खूश, म्हणाली बरं केलंस, देवाला लालच शोभतं. ही स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली, मिक्सर चालू होता म्हणून नीट ऐकू आलं नाही.