फ्रॅटर्निटीत जायचंय? ‘हो’ म्हणण्याआधीच्या या चुका टाळा

ऑगस्ट संपत आला की आमच्याकडे ठरावीक फोन सुरू होतात. “दादा, आमच्या चिरंजीवांना कुठल्याशा ग्रीक अक्षरांच्या घरातून बोलावणं आलंय. जाऊ द्यायचं का?” विचारणारे कधी न्यू जर्सीतले असतात, कधी थेट नाशिकहून.

माझा मुलगा अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका मोठ्या विद्यापीठात अडीच वर्षं फ्रॅटर्निटीत, म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव लावणाऱ्या विद्यार्थी संघटनेत, होता. तिथले त्याचे दोन मित्र अजून दिवाळीला आमच्याकडे चकल्यांवर ताव मारायला येतात. तिथल्याच एका करारापायी मी सात महिन्यांचं भाडंही फुकट भरलं. त्यामुळे ‘खुशाल जा’ किंवा ‘अजिबात नको’ असं सरसकट उत्तर माझ्याकडे मिळत नाही. एवढं मात्र पाहिलंय की बहुतेक गोंधळ होतो तो रशच्या, म्हणजे नवे सभासद निवडायच्या, चार-सहा दिवसांत, बिड म्हणजे प्रवेशाचं निमंत्रण स्वीकारायच्या आधी. प्रश्न विचारायची सोय तेव्हाच असते. नंतर तुम्ही त्यांचे प्लेज म्हणजे उमेदवार सभासद होता, आणि प्रश्न तेच विचारतात.

अक्षरं बघून ठरवणं

ओळखीतल्या एका आईने मुलीला आलेलं फाय बीटा कप्पाचं पत्र ‘असल्या पार्ट्या नकोत’ म्हणून बाजूला ठेवायला लावलं होतं. ही संस्था १७७६ मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झाली. आज ती गुणवत्तेवर बोलावणारी अमेरिकेतली सर्वांत जुनी मानाची संस्था आहे, आणि पार्ट्यांशी तिचा काही संबंध नाही. तसंच थीटा टाऊ (१९०४, मिनेसोटा) ही इंजिनिअरिंगवाल्यांची व्यावसायिक फ्रॅटर्निटी, तर अल्फा फाय ओमेगा (१९२५, लाफायेट कॉलेज) समाजसेवेची. या दोन्हींत मुलं-मुली एकत्र असतात. मोठ्या घरात एकत्र राहणारी, शनिवारी अंगणात स्पीकर लावणारी ती ‘सोशल’ फ्रॅटर्निटी. तिची माणसं पदवीच्या वर्गातली असतात. एमएसला गेलेल्यांनी हा विषय इथेच सोडला तरी चालेल.

कांदेपोह्यांना भुलणं

रश म्हणजे दोन्ही बाजूंचे कांदेपोहे. सगळ्यांचे शर्ट इस्त्रीचे, सगळ्यांना तुमचं नाव पाठ, आणि तुम्ही क्रिकेट खेळता म्हटल्यावर कोपऱ्यातून एखादी बॅटसुद्धा निघते. नव्या देशात पंधरा दिवस एकट्याने जेवलेल्या पोराला हे सगळं खरं वाटतं. थोडंफार ते खरंही असतं. पण स्थळ बघताना आपल्याकडे कोणी नुसते पोहे खाऊन होकार कळवत नाही. चौकशी करतातच.

ती चौकशी अशी करा. एका सेमिस्टरचे ड्यूज म्हणजे वर्गणी किती? पहिल्या सेमिस्टरला वेगळी फी आहे का? घरात राहणं सक्तीचं आहे का, कितव्या वर्षी, किती काळ? प्लेजचा काळ किती आठवड्यांचा? गेल्या वर्षी किती प्लेज घेतले आणि त्यातले किती शेवटपर्यंत टिकले? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. वीसातले अकराच उरले असतील, तर बाकीचे नऊ कुठे गेले ते कोणीतरी सांगायला हवं. आणि एक प्रश्न पहिल्या वर्षाच्या एखाद्या सभासदाला बाजूला घेऊन: “मिडटर्मच्या आठवड्यात रोज किती झोपलास?”

उत्तर म्हणून ‘ते गुपित असतं’ असं ऐकू आलं, तर नीट कान द्या. हस्तांदोलनाची खूण, दीक्षाविधी, बोधवाक्य हे गुपित असतं आणि ते तसं राहू द्यावं. पैसे, तास आणि झोप यांत गुपित काही नसतं.

कागद न बघणं

तोंडी चौकशी झाली की कागदावरची. डिसेंबर २०२४ मध्ये ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग अॅक्ट’ हा संघीय कायदा झाला. त्यानुसार विद्यापीठांना हेझिंगमध्ये (नव्या सभासदांच्या छळात) दोषी ठरलेल्या विद्यार्थी संघटनांचा अहवाल आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला ठेवावा लागतो. चॅप्टरचं (फ्रॅटर्निटीच्या त्या विद्यापीठातल्या शाखेचं) नाव, थोडक्यात काय घडलं, दारू होती का, शिक्षा काय झाली, हे सगळं त्यात असतं. अर्ध्या तासाचं काम आहे, तरी ते करणारा मुलगा मला आजवर एकच भेटलाय, आणि तोही आईने बसवला म्हणून.

अहवालात नाव नाही म्हणजे चॅप्टर स्वच्छ, असंही धरून चालू नका. विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त यादीत ते आहे का, हे वेगळं तपासा. बंदी आलेले काही चॅप्टर अक्षरं उतरवतात आणि त्याच माणसांसह गुपचूप चालू राहतात. काही जण स्वतःहून बाहेर पडतात: २०१८ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या सहा फ्रॅटर्निटींनी तिथल्या आंतर-फ्रॅटर्निटी मंडळाशी संबंध तोडले. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसला तर २००५ पासून फ्रॅटर्निटी विद्यापीठापासून वेगळ्याच आहेत. अशा घरात काही बिनसलं, तर विद्यापीठाच्या डीनचा हात तिथवर पोचेलच असं नाही.

‘मी राजीखुशीने केलं’

इथे मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या मुलांची सर्वांत मोठी गफलत इथे होते.

रॅगिंग काय असतं ते आपल्याला माहीत आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, यूजीसीचे नियम २००९ चे. हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये सीनियर गाठतात, जबरदस्ती करतात, त्रास देतात, आणि हा छळ आहे हे पोराला पहिल्या मिनिटाला कळतं. हेझिंगचं तसं नाही. तिथे तुम्ही आपल्या पायांनी गेलेले असता. सीनियर तुमच्या खांद्यावर हात टाकून बोलतात, तुम्हाला ‘लिटल’ म्हणजे धाकटा भाऊ म्हणतात, आणि बाटली देतात ती भेट म्हणून. २०२१ मध्ये ओहायोतल्या बोलिंग ग्रीन स्टेट विद्यापीठात एका विद्यार्थ्याचा जीव गेला तो अशाच ‘बिग-लिटल’ कार्यक्रमात, दारूची अख्खी बाटली संपवण्याच्या प्रथेपायी. त्याच वर्षी ओहायोने कायदा कडक केला आणि सक्तीने दारू पाजण्याचं हेझिंग हा गंभीर गुन्हा ठरवला.

पेन स्टेटमध्ये फेब्रुवारी २०१७ मध्ये टिमथी पियाझ्झा हा विद्यार्थी प्लेज म्हणून स्वीकारला गेला त्याच रात्री दारूच्या नशेत जिन्यावरून पडला. घर माणसांनी भरलेलं होतं. रुग्णवाहिका बोलावली गेली ती जवळपास १२ तासांनी. तो वाचला नाही. पेन्सिल्व्हेनियाचा २०१८ चा हेझिंगविरोधी कायदा त्याच्याच नावाने आहे, आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की पीडिताची संमती होती हा बचाव चालणार नाही. म्हणजे ‘मी राजीखुशीने केलं’ हे वाक्य तिथल्या कोर्टात टिकत नाही. पोराच्या मनात मात्र ते घट्ट बसलेलं असतं, म्हणून तो कोणाला सांगत नाही.

सुरुवात बाटलीने होत नाही. पहाटे दोनला सीनियरला गाडीने आणायला जा. ग्रुपवर दहा मिनिटांत उत्तर दे. आठवडाभर घरच्यांशी बोलू नकोस. सगळ्यांची नावं-गावं पाठ कर, चुकलास तर बाकीच्यांना शिक्षा. यातलं एकेक काम हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं. आमच्या पोराच्या बाबतीत मला संशय आला तो त्याचे रविवारचे फोन बंद झाले तेव्हा. ‘अभ्यास आहे’ म्हणाला. मी मानलं. चुकलो. नंतर कळलं की प्लेजचे फोन शनिवारी रात्री टोपलीत जमा होत आणि सोमवारी परत मिळत. फोन काढून घेतात त्या जागेवरून त्याच क्षणी उठावं, असं माझं आता स्पष्ट मत आहे.

प्लेजचा काळ सगळीकडे असतोच असंही नाही. सिग्मा अल्फा एप्सिलॉन या मोठ्या संघटनेने २०१४ मध्ये तो पूर्ण रद्द केला. विचारून बघा.

‘आपलीच मुलं आहेत’

दक्षिण आशियाई मुलांच्या फ्रॅटर्निटी नव्वदच्या दशकात उभ्या राहिल्या: बिंगहॅम्टनला आयोटा न्यू डेल्टा (१९९४), पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सिग्मा बीटा ऱ्हो (१९९६), ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय (१९९८). तिथे भांगड्याची टीम असते, कोणाच्या तरी आईचं लोणचं असतं, आणि तुमचं आडनाव दोनदा सांगावं लागत नाही. एकट्या पडलेल्या मुलाला याचं मोल फार असतं. पण ‘गुजराती-तेलुगू मुलं आहेत, घरंदाज असणार’ एवढ्यावर आईबाप चौकशीच सोडून देतात. २०१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी पाय डेल्टा साय या आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीच्या पेन्सिल्व्हेनियातल्या सहलीत प्राणाला मुकला. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळूची बॅग, आणि अंधारात धक्के देणारी त्याच्याच समाजातली मुलं. त्याला रुग्णालयात न्यायलाही उशीर झाला. पुढे त्या संघटनेला पेन्सिल्व्हेनियात दहा वर्षांची बंदी झाली.

सही करण्याची घाई

ड्यूज म्हणजे खरा खर्च नव्हे. सेमिस्टरला काहीशे ते हजारावर डॉलर ऐकले की वाटतं, झेपेल. त्यावर टी-शर्ट, फॉर्मलचं तिकीट, दंड आणि घरात राहिल्यास भाडं व जेवण. शाकाहारी मुलाला जेवणाचे पैसे पूर्ण भरून रात्री सिरियल खायची वेळ येते, म्हणून आचाऱ्याला आधीच भेटा.

भाड्याचा करार फ्रॅटर्निटीशी नसून बऱ्याचदा माजी सभासदांच्या ‘हाउस कॉर्पोरेशन’शी असतो, आणि सही घेतात आदल्या शरद ऋतूत. आमच्या मुलाला तिसऱ्या वर्षी जानेवारीपासून दुसऱ्या शहरात को-ऑप म्हणजे शिक्षणाचा भाग असलेली नोकरी मिळाली. करार जुलैअखेरचा. हमीदार म्हणून खाली माझी सही, आणि खोली दुसऱ्याला देण्याचं कलम मी वाचलेलंच नव्हतं. त्या घराला दोष देत नाही. कागद त्यांनी समोर ठेवला होता.

अमेरिकेत घर असलेल्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट. फ्रॅटर्निटीचा विमा नियम मोडणाऱ्या सभासदाला बऱ्याचदा वाऱ्यावर सोडतो. दावा लागला तर तुमच्या घराच्या विम्यापर्यंत येऊ शकतो.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर

दारूचं वय २१ आहे. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेल्यास, दोषी ठरण्याआधी नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. मग सुट्टीत घरी आलात की परत जायला नवा व्हिसा. प्लेजच्या धावपळीत एखादा विषय सोडून १२ क्रेडिटच्या खाली गेलात आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयाची परवानगी आधी घेतली नाही, तर स्टेटसच धोक्यात येतं. आणखी एक फसवं काम म्हणजे ‘हाउस मॅनेजर’. मोबदल्यात भाडं माफ होतं, पण तेही वेतनच धरलं जाऊ शकतं, आणि ते घर विद्यापीठाचं नसतं. आधी कार्यालयात विचारा.

आत गेलात आणि पटत नाही

दीक्षाविधीपर्यंत बाहेर पडणं सोपं असतं. दीक्षा झाल्यावर साधारणपणे दुसऱ्या सोशल फ्रॅटर्निटीत जाता येत नाही, म्हणून मन कचरत असेल तर त्या आधीच थांबा. प्लेजची जबाबदारी असलेल्या सभासदाला आणि विद्यापीठाच्या ग्रीक लाइफ (फ्रॅटर्निटींचं काम बघणाऱ्या) कार्यालयाला एकच ईमेल करा, दोन ओळींचा. कारणं लिहीत बसू नका. तोंडी बोलायला घरी बोलावतील. रात्री जाऊ नका, एकटे जाऊ नका. भरलेल्या पैशांपैकी काय परत मिळेल ते लेखी विचारा. सही केलेला करार असेल तर तो वेगळा, विद्यापीठाच्या विद्यार्थी कायदेसाहाय्य केंद्रात दाखवा.

कोणी बेशुद्ध पडलं, तर ९११. बहुतेक राज्यांत मदत मागणाऱ्याला अल्पवयात दारू प्यायल्याच्या कारवाईतून सूट असते. सीनियर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणाले तरी फोन तुम्हीच लावा.

प्लेज पिन परत मागतील. देऊन टाका.