टेकड्यांतल्या तलावावर सूर्योदय टिपताय? या चुका टाळा

मोबाइलवर सूर्योदयाची वेळ पाहून त्या बेतानं निघणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ती वेळ सपाट क्षितिजाची असते. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधचा तलाव टेकड्यांच्या कुशीत आहे, बुलढाण्यातल्या लोणारचं पाणी तर सुमारे 150 मीटर खोल विवराच्या तळाशी. अशा ठिकाणी सूर्य उगवला तरी पाणी बराच वेळ सावलीतच राहतं. त्यात वेळ नेमकी त्या गावाची पाहा. रेखांशाच्या एका अंशाला 4 मिनिटं, या हिशेबानं गोंदियाला सूर्य बुलढाण्याच्या पाव तास आधी दिसतो.

जानेवारीच्या सुरुवातीला नवेगावकडे सूर्योदय साधारण पावणेसातला होतो. पहिल्या खेपेला मी सव्वासातपर्यंत थांबलो, पाणी राखाडीच राहिलं, म्हणून ट्रायपॉड आवरायला घेतला. डोंगा (छोटी होडी) काठाला लावणारे एक ढीवर, म्हणजे मासेमार काका म्हणाले, "थांबा ना भाऊ. त्या तिकडच्या टेकडीच्या शेंड्यावर ऊन आलं का मंग खाली उतरते, अन् मंग पान्यावर येते." तसंच झालं. आधी पश्चिमेच्या टेकडीचा माथा उजळला, ऊन झाडीतून खाली सरकत आलं आणि सावलीतल्या पाण्यात ती सोनेरी टेकडी उलटी उभी राहिली. मला हवा असलेला फोटो सूर्याच्या दिशेला नव्हताच, तो माझ्या पाठीमागे होता.

तेव्हापासून मी आदल्या संध्याकाळी तलावाच्या पाळीवर (बांधावर) जाऊन मूठ धरून पाहतो. हात सरळ लांब करून मूठ आडवी धरली की तिची उंची सुमारे 10 अंश भरते. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्याला तेवढं चढायला साधारण पाऊण तास लागतो. पूर्वेची टेकडी अर्धी मूठ उंच असेल तर पंचवीसेक मिनिटं धरून चाला. डिसेंबरात सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, सुमारे 25 अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. जूनमध्ये तितकाच उत्तरेकडे. उन्हाळ्यात हेरून ठेवलेली जागा हिवाळ्यात म्हणूनच फसते.

ऊन उशिरा येतं म्हणून उशिरा पोचू नका. सूर्योदयाच्या निदान चाळीस मिनिटं आधी कॅमेरा लागलेला हवा. आभाळाचे जांभळे-तांबूस रंग तेव्हाच असतात, वाराही बहुधा पडलेला असतो. ऊन तापू लागलं की वारा सुटतो आणि प्रतिबिंब मोडतं.

आभाळ पांढरं, काठ काळा

आभाळ आणि सावलीतला काठ यांतला फरक एका फोटोत मावत नाही. आभाळाला धरून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) ठेवा, मग दोन-दोन स्टॉपच्या फरकानं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) तीन फोटो घ्या आणि घरी जोडा. जोडताना पाणी आभाळाहून उजळ करू नका. प्रतिबिंब खऱ्या आभाळापेक्षा नेहमी थोडं गडदच असतं, उलटं झालं की फोटो खोटा वाटतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहताना लाल रंगाची रेघ वेगळी तपासा, पहाटे तीच आधी उजव्या भिंतीला टेकते, म्हणजे लाल रंगातले बारकावे जातात. मोबाइल असेल तर उजळ आभाळावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक करा आणि उजेड थोडा खाली ओढा.

रंगच आला नाही? व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल सांभाळणारं सेटिंग) ऑटोवर राहिला असणार. कॅमेरा तांबूसपणाला दोष समजून पुसून टाकतो. तो डेलाइटवर ठेवा.

प्रतिबिंब फिकं आलं तर लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर काढून पाहा. पाण्यावरची चमक घालवणं हेच त्याचं काम, त्यात प्रतिबिंबही जातं.

धुक्यात ऑटोफोकस भरकटत राहतो. पाण्यात उभं एखादं वाळकं खोड किंवा समोरच्या काठावरचं झाड धरून फोकस करा आणि मग मॅन्युअलवर टाका.

ट्रायपॉडवरही फोटो हलतो?

मामा तलावांच्या, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावांच्या काठी गाळ असतो. ट्रायपॉडचा पाय दोन सेकंदांतही किंचित खचतो. पायांखाली चपटे दगड ठेवा, मधला दांडा वर काढू नका, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

एक मात्र कळकळीनं सांगतो. जंगलालगतच्या तलावावर अंधारात एकटं जाऊ नका. पहाटे काठावर अस्वल असू शकतं, बिबट्याही. फाटक कधी उघडतं ते आदल्या दिवशीच वनविभागाकडे विचारा. डोंग्यात जाळं टाकणाऱ्यांचा फोटो हवा असेल तर आधी त्यांची परवानगी घ्या, जाळ्याजवळ गर्दी करू नका आणि त्यांना फोटो पाठवायला विसरू नका.

फोटो हळूहळू धूसर होत गेले तर लेन्सवर दव आहे का ते बघा. हिवाळ्यातल्या पहाटे उघडी लेन्स आभाळाकडे तोंड करून ठेवली की दव धरतं. मधल्या वेळात झाकण लावा, कोरडा सुती रुमाल खिशात असू द्या. परतताना गारठलेला कॅमेरा लगेच चुलीपाशी उघडू नका, ऊबदार दमट हवा लेन्सवर पाणी होऊन बसते. बॅग बंदच ठेवा आणि आधी चहा घ्या. अर्ध्या-पाऊण तासानं कॅमेरा बाहेर काढला तरी चालतो.