आउश्वित्झला जाताना: गाइडसोबतची भेट कशी करावी

पोलंडमधल्या क्राकूवच्या जुन्या चौकात टूर कंपन्यांच्या पाट्या जागोजागी दिसतात. एकाच दिवसात आउश्वित्झची नाझी छळछावणी आणि व्येलिच्काची मिठाची खाण, दोन्ही. वेळ वाचतो, पैसेही वाचतात. तरी माझी पहिली विनंती हीच, की हे पॅकेज घेऊ नका. खाण सुंदर आहे, तिच्यासाठी वेगळा दिवस काढा. आउश्वित्झला जायचं ते आपण एखाद्याच्या घरी समाचाराला जातो तसं. त्या दिवशी आपण दुसरा बेत आखत नाही, आवाज खाली ठेवतो आणि घरचं माणूस जे सांगेल ते मधे न बोलता ऐकून घेतो. तिकिटापासून परतीच्या गाडीपर्यंत पुढे जे सांगणार आहे, ते सगळं याच एका भावनेतून आलेलं आहे.

आधी घरी बसून थोडं वाचा

आउश्वित्झ हे जर्मन नाव. पोलंडमधल्या त्या गावाचं खरं नाव ओश्वियेंचिम. क्राकूवपासून साधारण ७० किलोमीटर पश्चिमेला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं पोलंड जिंकल्यावर तिथल्या जुन्या लष्करी बराकींमध्ये १९४० साली छळछावणी सुरू झाली. १४ जून १९४० रोजी तार्नूव शहरातून ७२८ पोलिश राजकीय कैदी तिथे आणले गेले. पुढच्या वर्षी तीन किलोमीटरवर बिर्केनाऊची प्रचंड छावणी उभी राहू लागली, आणि १९४२ पासून ती युरोपभरच्या ज्यूंना मारण्याचं मुख्य ठिकाण झाली. २७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत फौजा पोचल्या तेव्हा तिथे सुमारे सात हजार कैदी जिवंत होते.

एकूण किमान १३ लाख माणसं तिथे आणली गेली, त्यातली सुमारे ११ लाख मारली गेली. त्यात जवळपास १० लाख ज्यू, ७० ते ७५ हजार पोलिश, २१ हजार रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत) आणि सुमारे १५ हजार सोव्हिएत युद्धकैदी. हे आकडे घरूनच वाचून जा. तिथे पहिल्यांदा ऐकले तर मन त्या शून्यांतच अडकतं आणि समोरची चप्पल, समोरचा फोटो दिसत नाही.

एका माणसाची गोष्ट मात्र सोबत न्या. आपल्यापैकी बहुतेकांना ॲन फ्रँक शाळेपासून माहीत असते. ॲम्स्टरडॅममध्ये लपलेलं हे कुटुंब पकडलं गेल्यावर सप्टेंबर १९४४ मध्ये आउश्वित्झलाच पाठवलं गेलं. तिची आई एडिथ जानेवारी १९४५ मध्ये इथेच गेली. वडील ओटो इथूनच जिवंत सुटले. ॲन आणि तिची बहीण मार्गो यांना जर्मनीतल्या बेर्गेन-बेल्सन छावणीत हलवलं होतं, तिथे त्या वारल्या. हे डोक्यात असलं की बिर्केनाऊच्या फलाटावर आपण रिकाम्या मनानं उभे राहत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला तिथून आल्यावर जास्त बोचली. आपल्याकडे कडक मास्तरांना, शिस्तीच्या साहेबांना सहज 'हिटलर' म्हणतात, थोडं कौतुकानंही. ज्या कोकणकिनाऱ्यावर शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली', म्हणजे बेने इस्रायल ज्यू, शतकानुशतकं मराठी बोलत शेजाऱ्यांसारखे राहिले, तिथल्या लोकांनी तरी हा शब्द इतका हलका करू नये. जाण्याआधी मुलांशी यावर जरूर बोला.

तिकीट आणि गाइड

दोन्ही छावण्यांच्या जागी आता स्मारक आहे. त्याच्या आवारात प्रवेश फुकट आहे, पण वेळ राखून ठेवावी लागते, आणि गाइडचे पैसे पडतात. आरक्षण स्मारकाच्याच संकेतस्थळावर करा: व्हिजिट डॉट आउश्वित्झ डॉट ऑर्ग. दिसायला अधिकृत वाटणारी इतरही बरीच संकेतस्थळं आहेत, तेव्हा पत्ता दोनदा तपासा. उन्हाळ्यात इंग्रजी गटांच्या जागा फार लवकर भरतात. युरोपच्या सहलीची विमानतिकिटं काढलीत की लगेच हेही काढा. तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्टवर आहे अगदी तसंच नाव टाका आणि पासपोर्ट जवळ ठेवा. १ जानेवारी, २५ डिसेंबर आणि ईस्टरचा रविवार सोडला तर स्मारक रोज उघडं असतं.

गाइडशिवाय फिरता येतं का? ठरावीक वेळांत येतं. तरी पहिल्या भेटीला गाइड घ्याच. तिथे पाट्या कमी, मोकळी जागा फार. बिर्केनाऊत तर बघणाऱ्याला गवत, विटांची धुराडी आणि काटेरी तार एवढंच दिसेल. इथले गाइड स्मारकाच्या प्रशिक्षणातून आणि परीक्षेतून तयार झालेले असतात. नेहमीची फेरी साडेतीन तासांची, दोन्ही छावण्या मिळून. वेळ असेल आणि सोबतीला वाचणारं माणूस असेल तर सहा तासांची अभ्यासफेरी घ्या, ती जास्त समजते.

१४ वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं स्मारक स्वतःच सुचवतं. हा सल्ला मोडू नका. दहा वर्षांचं पोर हे सगळं घेऊन रात्री झोपणार कसं?

सोबत काय, आणि घरी काय ठेवायचं

मोठी सॅक आत नेता येत नाही, हॉटेलवर किंवा सामानघरात ठेवा. वहीएवढी छोटी पिशवी पुरते. बूट चालायचे आणि मळले तरी चालतील असे घ्या. आउश्वित्झमध्ये खडबडीत दगडी रस्ते आहेत आणि बिर्केनाऊत सावलीचं नाव नाही. जानेवारीत वारा हाडात शिरतो. पाणी ठेवा, खाणं आधी उरकून घ्या, आवारात खायचं नसतं.

आता आपल्यासाठी खास सूचना. निघण्यापूर्वी अंगावर, पिशवीवर, की-चेनवर, मोबाइलच्या कव्हरवर कुठे स्वस्तिक आहे का ते बघा. लॉकेट असतं, अंगठी असते, देवस्थानाच्या कापडी पिशवीवर छापलेलं असतं, आणि आपल्याला ते इतकं सवयीचं की दिसतही नाही. आपलं स्वस्तिक मंगल आहे आणि नाझींचं चिन्ह वेगळं, हे अगदी खरं. पण ज्याचे आजी-आजोबा इथे गेले असा माणूस गटात आपल्या शेजारी उभा असू शकतो. त्याला तिथे ते समजावत बसण्याची वेळच येऊ देऊ नका. त्या दिवसापुरतं काढून हॉटेलवर ठेवा.

क्राकूवहून रेल्वे आणि बस दोन्ही आहेत, दीड-दोन तास धरा. सुरक्षा तपासणी विमानतळासारखी असते, म्हणून फेरीच्या वेळेआधी निदान अर्धा तास पोचा. २०२३ पासून नवीन प्रवेशद्वार आहे. तिथून छावणीकडे जाणाऱ्या लांब काँक्रीटच्या वाटेत मारल्या गेलेल्यांची नावं एकामागून एक ऐकू येतात. बहुतेक लोक तिथून गप्पा मारत झपझप जातात. तुम्ही हळू चाला.

पहिली छावणी

गाइड कानाला लावायचं यंत्र देतो, त्यामुळे तो हळू आवाजात बोलला तरी सगळ्यांना ऐकू येतं. 'काम मुक्त करतं' असं जर्मनमध्ये लिहिलेल्या फाटकाखालून गट आत जातो. त्यातलं 'बी' अक्षर उलटं दिसतं. अक्षरं कैद्यांकडूनच बनवून घेतली होती. मूळ पाटी २००९ मध्ये चोरीला गेली, मग सापडली, आता वर लावलेली तिची प्रतिकृती आहे. इथे सगळे फोटोसाठी थांबतात. एक फोटो काढा आणि पुढे व्हा.

फोटो काढायला परवानगी आहे, फ्लॅश नको. मात्र दोन ठिकाणी अजिबात नाही: चार नंबरच्या इमारतीतलं केसांचं दालन आणि अकरा नंबरचं तळघर. त्या दालनात काचेआड स्त्रियांचे कापलेले केस आहेत, सुमारे दोन टन, त्यात वेण्या अजून ओळखू येतात. हे केस कापड बनवण्यासाठी विकले जात होते. इथे गाइडला प्रश्न विचारू नका. नुसतं उभं राहा.

पाच नंबरमध्ये वस्तू आहेत. स्मारकाकडे एक लाखाहून जास्त बूट-चपला, ३,८०० बॅगा आणि १२ हजार भांडी जपलेली आहेत. मी सगळ्यात जास्त वेळ भांड्यांसमोर होतो. निळ्या काठाचे इनॅमलचे टोप, मग, किसणी, चहाची किटली, काहींचे कान तुटलेले, काहींचा मुलामा उडालेला. माझ्या आजीच्या फडताळात अगदी तसाच टोप होता, दूध तापवायचा. भांडी का आणली असतील, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं. त्यांना सांगितलं होतं की कामासाठी नव्या जागी वसवणार आहोत. त्यांनी संसार बांधून आणला होता. बॅगांवर मोठ्या अक्षरांत नावं आणि जन्मतारखा आहेत, सामान हरवू नये म्हणून लिहिलेल्या.

सहा नंबरच्या लांब बोळात कैद्यांचे फोटो आहेत. गट इथून भराभर पुढे सरकतो. तुम्ही कोणताही एक फोटो निवडा आणि त्याखालच्या दोन तारखा वाचा, एक येण्याची, एक मरणाची. अंतर पुष्कळदा काही आठवड्यांचंच निघतं. हे फोटो नोंद झालेल्यांचे आहेत. रेल्वेतून उतरवून थेट विषारी गॅसच्या खोल्यांकडे नेलेल्या लाखोंचा फोटो काढला गेला नाही, त्यांना नंबरही मिळाला नाही.

अकरा नंबरच्या तळघरात सप्टेंबर १९४१ मध्ये झिक्लॉन बी हे विषारी गॅस सोडणारं कीटकनाशक सोव्हिएत युद्धकैद्यांवर आणि आजारी पोलिश कैद्यांवर मोठ्या प्रमाणात वापरून पाहिलं गेलं. दुसऱ्याच्या जागी स्वतः मरण पत्करणारे धर्मगुरू माक्सिमिलियन कोल्बे याच तळघरातल्या कोठडीत गेले. बाहेरच्या अंगणात भिंतीपाशी कैद्यांना गोळ्या घालत. तिथे बोलायचं नसतं.

सत्तावीस नंबर तुमच्या फेरीत नसेल तर गाइडला विचारून नंतर स्वतः जा. तिथे युरोपभर मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावांचं माणसाच्या उंचीचं पुस्तक आहे, ४० लाखांहून जास्त नावांचं. त्याच इमारतीत एका पांढऱ्या खोलीच्या भिंतींवर मुलांनी काढलेली चित्रं पेन्सिलीनं उतरवलेली आहेत, अगदी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. ती नीट पाहायला खाली वाकावं लागतं.

गाइडशी बोलताना 'पोलिश छावण्या' असं कधीही म्हणू नका. छावण्या जर्मन नाझींच्या होत्या, पोलंडच्या भूमीवर. पोलिश माणसाला हे फार लागतं, आणि युनेस्कोनंही २००७ मध्ये या स्थळाच्या नावात 'जर्मन नाझी' हे शब्द घातले. गप्पा झाल्याच तर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट सांगा. सोव्हिएतांनी सैबेरियाकडे हाकललेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिले. हा इतिहास वेगळा आहे, पण काही पोलिश माणसांच्या चेहऱ्यावर 'कोल्हापूर' या शब्दानं ओळख उमटते. हे बोलणं मात्र दोन छावण्यांच्या मधल्या वेळेत करा.

बिर्केनाऊ

फुकटची बस तीन किलोमीटरवर बिर्केनाऊला सोडते. फाटकाच्या मनोऱ्याखालून रूळ आत गेलेले दिसतात. या रुळांवर तोल सांभाळत चालताना लोक फोटो काढतात. २०१९ मध्ये स्मारकाला जाहीरपणे विनंती करावी लागली की असं करू नका. इथेच नाझी डॉक्टर एका नजरेत ठरवत, कोण कामाला आणि कोण लगेच मरायला. १९४४ च्या उन्हाळ्यात दोन महिन्यांच्या आत हंगेरीतले चार लाखांहून अधिक ज्यू इथे उतरवले गेले.

लाकडी बराकी मुळात प्रत्येकी ५२ घोड्यांचे तबेले म्हणून आखलेल्या होत्या. एकेकीत चारशेहून अधिक माणसं कोंबली जात. रुळांच्या शेवटाला गॅसच्या इमारतींचे ढिगारे आहेत, पळून जाण्याआधी छावणी चालवणाऱ्या एसएस या नाझी दलानं स्फोटानं उडवलेले. एक इमारत मात्र ७ ऑक्टोबर १९४४ च्या बंडात कैद्यांच्याच हातून जळाली. गाइडनं हे सांगितलं नाही तर विचारा.

ज्यू लोक कबरीवर लहान खडा ठेवतात. तुम्हीही ठेवू शकता. तिथून मात्र काही उचलू नका, विटेचा तुकडासुद्धा नाही. तो पोलंडमध्ये गुन्हा आहे, आणि ती सगळी जमीनच राखेची आहे.

फेरी संपते तिथे गाइड निरोप घेतो. काहीजण सवयीनं टाळ्या वाजवतात, वाजवू नका, आभार हळू आवाजात माना. लगेच बसकडेही धावू नका. अजून पुढे, झाडांच्या कडेला 'सॉना' नावाची विटांची इमारत आहे. तिथे लोकांनी सामानातून आणलेले घरगुती फोटो लावले आहेत: लग्नाचे, सहलीचे, मांडीवरच्या बाळाचे, समुद्रावर हसणाऱ्या बायकांचे. फार कमी लोक तिथवर जातात. तिथून फाटकापर्यंत परत चालायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ हाताशी ठेवूनच क्राकूवची गाडी ठरवा.