किनाऱ्यावरच्या सरकारी जमिनीचा भाडेपट्टा दुसऱ्याच्या नावे कसा करावा

कोकणात खाडीकाठच्या सरकारी जागेवर कुणाची मासळी सुकवायची जागा असते, कुणाचा बर्फाचा कारखाना. पट्टेदार थकतो, मुलं मुंबईला असतात आणि घेणारा गावातच मिळतो. मग इसार घेतला जातो, मुद्रांकावर सह्या होतात, परवानगीचं नंतर बघू म्हणतात. इथेच माणसं अडकतात. परवानगी आधी, पैसे नंतर, एवढं धरून चला.

सर्वात आधी जमीन कुणाची आहे ते पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे भरतीरेषेखालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ राज्य शासनाचा असतो. बंदर हद्दीत पट्टा महाराष्ट्र सागरी मंडळाने दिलेला असू शकतो. मग अर्जही तिकडेच. महसूल खात्याची जमीन असेल तर तहसील कार्यालयातून मूळ आदेशाची आणि पट्ट्याची प्रमाणित नक्कल काढा.

ती नक्कल शांतपणे, शेवटच्या अटीपर्यंत वाचा. कशासाठी दिली, किती वर्षांसाठी, हस्तांतराबद्दल काय म्हटलंय. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात शर्तीचा शेरा असतो, तोही पाहा. एका कुटुंबाचे कागद मी चाळले तेव्हा पट्टा मासळी सुकवण्यासाठी होता आणि जागेवर उभी होती खानावळ. हस्तांतराआधी हा शर्तभंग मिटवावा लागतो, आणि लपवला तर स्थळपाहणीत तो दिसतोच.

आता अर्ज. त्याच संहितेच्या कलम 37-अ नुसार शासनाने दिलेली जमीन विकायला, हस्तांतरित करायला किंवा तिचा वापर बदलायला पूर्वपरवानगी लागते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करा. सोबत पट्ट्याची नक्कल, सातबारा, भाडं भरल्याच्या पावत्या, भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, हस्तांतराचं कारण आणि घेणाऱ्याचे कागद जोडा. समुद्र जागा खातो, वाळू सरकते, म्हणून जुन्या चतुःसीमांवर भिस्त ठेवू नका; मोजणी नव्याने करून घ्या. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांताधिकारी असा अहवाल वर जातो. पंचनाम्याच्या दिवशी स्वतः हजर राहा. परवानगी देताना शासन नजराणा (परवानगीसाठी भरायची रक्कम) किंवा अनर्जित उत्पन्नातला, म्हणजे जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला, वाटा मागू शकतं, म्हणून घेणाऱ्याशी भाव ठरवतानाच तो कुणी भरायचा हे लिहून ठेवा.

हस्तांतराची परवानगी म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. किनारपट्टी नियमन क्षेत्राची 18 जानेवारी 2019 ची अधिसूचना वेगळी लागू होते, आणि नव्या पट्टेदाराला तिथे काही बांधायचं असेल तर ते प्रकरण स्वतंत्र चालतं.

आदेश हाती आला की त्यातल्या अटी आणि मुदती वाचा, रक्कम भरा, चलन जपा. मग दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवा. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो हजर करावा लागतो. दस्तात परवानगी आदेशाचा क्रमांक आणि तारीख घाला. जिल्हाधिकाऱ्यांनी नाकारलं तर विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं, त्याची मुदत 90 दिवस.

शेवटी फेरफार, म्हणजे महसूल दप्तरात नव्या नावाची नोंद. तो मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून नाव, क्षेत्र आणि शेरा अक्षर न् अक्षर तपासा, आणि मगच घेणाऱ्याने उरलेली रक्कम द्यावी.