दूधवाल्याची गाडी आणि काट्याचा मीटर

आयटीआय झाल्यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा कार्बोरेटर मला डोळे मिटून खोलता यायचा. त्याचा माज होता. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे नियम आले, बहुतेक नव्या गाड्या कार्बोरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेल्या आणि माझा माज एका दूधवाल्या मामांच्या गाडीनं उतरवला.

मामा रोज पहाटे दोन्ही बाजूंना कॅन लावून करवीरच्या गावांतून शहरात यायचे. म्हणाले, "चाळीसला धरली की गचकं खात्या बघ. पळीवली की गप चालत्या." मी प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केला. दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा दारात.

खरं तर निदान मामांनीच करून दिलं होतं, मला ऐकू आलं नाही. गचका एकाच ठरावीक रेसवर येतोय आणि त्याच्या खाली-वर गाडी ठीक आहे, तर थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर, म्हणजे मूठ किती पिळली ते सांगणाऱ्या टीपीएसवर, पहिला संशय घ्यायचा. हा थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या, बाजूला बसतो. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर सरकणारा हात असतो. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण एकाच जागी खरखरतं ना, तसंच हे. मामांची मूठ वर्षानुवर्षं त्याच रेसवर, म्हणून पट्टी तिथंच झिजली. (काही गाड्यांत चुंबकावर चालणारा सेन्सर असतो, त्यात पट्टीच नाही.)

तरी लगेच सेन्सर मागवायचा नाही. सगळ्यात आधी कपलर, म्हणजे वायरींचा जोड, मग बॅटरी, मग इनटेकच्या रबराला चीर, मग केबलची ढील. आपल्याकडच्या पावसात कपलरमध्ये पाणी जाऊन पिना हिरव्या पडतात, आणि खापर सेन्सरवर फुटतं.

मग मल्टीमीटर. सेन्सरच्या वायरी तीन: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. कपलर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूनं बारीक पिन सरकवायची. वायरीला टाचणी टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरतं. चावी चालू, इंजिन बंद. मूठ सोडलेली असताना सिग्नल साधारण अर्धा ते पाऊण व्होल्ट, पूर्ण पिळल्यावर चारच्या पुढं. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. मूठ अगदी सावकाश पिळायची, घाईत पिळली तर दोष निसटतो. डिजिटल मीटरवर मला सगळं ठीक दिसलं. मिस्त्रींनी कपाटातून जुना काट्याचा मीटर काढला. काटा चढत गेला, थोडी मूठ उघडल्यावर एका जागी दचकून खाली आला, परत वर गेला. तेवढ्या क्षणात ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं की मूठ सोडली. स्कॅनरवर कोड नव्हता. टीपीएसचा पी०१२२ किंवा पी०१२३ कोड आला तर सोपं, पण एवढा छोटा खड्डा कोडमध्ये पकडला जाईलच असं नाही.

बदलण्याआधी जुन्या सेन्सरच्या कडेला सुईनं खूण करा. स्क्रूची भोकं लांबट असली तर सेन्सर थोडा फिरतो आणि तेवढ्यानं व्होल्टेज बदलतं. नवा बसवताना शाफ्टची चपटी बाजू खाचेत नीट बसली पाहिजे, ओ-रिंग नवी हवी. स्क्रू ढिले ठेवून मूठ सोडलेल्या स्थितीतलं व्होल्टेज जुळवा, मगच आवळा. बऱ्याच मॉडेलना त्यानंतर स्कॅनरनं रीसेट लागतो. तो विसरलो की आयडलिंग वर-खाली होतं आणि आपण नव्या सेन्सरला शिव्या देतो. काही गाड्यांना सुटा सेन्सर मिळतच नाही, आख्खी थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते. गिऱ्हाइकाला हे काम सुरू करायच्या आधी सांगा.

मामांच्या गाडीचा सुटा मिळाला. कॅन लावूनच रंकाळ्याला फेरी मारली, चाळीसवर धरून. मिस्त्रींनी बिलात फक्त सेन्सर आणि मजुरी लावली. प्लग आणि फिल्टरचे पैसे माझ्या त्या आठवड्याच्या पगारातून गेले.