पिझोमीटरचा नमुना घ्यायला निघण्याआधी

पिझोमीटर म्हणजे भूजलावर नजर ठेवण्यासाठी खोदलेली अरुंद निरीक्षण-विहीर, म्हणजे बोअर. तिच्या पाण्याचा नमुना घ्यायचा असेल, तर आदल्या दिवशी आधी जुनी नोंदवही काढा. विहिरीची खोली, केसिंगचा (आत बसवलेल्या नळीचा) व्यास, पाणी नेमकं किती खोलीवरच्या भेगेतून येतं आणि मागच्या वेळची पातळी, हे हातात असल्याशिवाय पंप ठरवू नका. केसिंगमध्ये महिनोन् महिने साचलेलं पाणी हे खडकातलं पाणी नव्हे. त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून सामू (पीएच) चढलेला असतो, लोह तळाशी बसलेलं असतं. तेच बाटलीत भरलं तर पुढची सगळी मेहनत वाया.

हिशेब घरीच करा. १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये मीटरमागे सुमारे १७.७ लिटर पाणी मावतं. बोअर ६० मीटर खोल आणि पाण्याची पातळी जमिनीखाली २० मीटरवर असेल, तर आत ७०० लिटर उभं आहे. रूढ पद्धतीप्रमाणे निदान तिप्पट, म्हणजे २,१०० लिटर उपसायला हवं. बेलरने, म्हणजे दोरीला बांधून सोडायच्या नळीसारख्या भांड्याने, हे होणार नाही. पंप, जनरेटर, डिझेल आणि उपसलेलं पाणी लांब सोडणारा पाइप गाडीत हवाच. आपल्या बेसाल्टमधल्या कित्येक बोअर एवढं पाणी देतच नाहीत, मध्येच कोरड्या पडतात. तिथे मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर उपसणारा मंद पंप भेगेसमोर धरणंच मला योग्य वाटतं. पातळी मोजायची टेप सामानात सर्वांत वर ठेवा, कारण पंप उतरवण्याआधी ती लागते.

सामूच्या मीटरसाठी मीटर जुळवून घ्यायला ४, ७ आणि १० सामूची बफर द्रावणं घ्या, मुदत पाहून. उपसा पुरे झाला की नाही ते मीटरच सांगतो: तीन ते पाच मिनिटांच्या अंतराने लागोपाठ तीन नोंदींत सामू ०.१ च्या आत आणि विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे.

धातूंच्या बाटल्यांसोबत ०.४५ मायक्रॉनची गाळणी आणि नायट्रिक आम्ल. विरघळलेले धातू हवे असतील तर आधी गाळायचं, मग आम्ल घालायचं. उलट केलंत तर गाळाला चिकटलेलं लोह आणि मँगनीज आम्लात उतरतं आणि पाण्यात नसलेला आकडा अहवालात छापला जातो. हे आम्ल नायट्रेटच्या बाटलीत चुकूनही जाता कामा नये. फ्लोराइडला प्लास्टिकची बाटली, जिवाणूंसाठी निर्जंतुक. कोऱ्या नमुन्यासाठी (बाहेरून काही मिसळलं का ते तपासायला) शुद्ध पाणी, हातमोजे, भरपूर बर्फ, झाकणाच्या कुलपाची किल्ली.

वार ठरवताना प्रयोगशाळेला फोन करा. शुक्रवारी संध्याकाळी पोचलेली बाटली सोमवारपर्यंत पडून राहणार असेल, तर जिवाणूंच्या नमुन्यासाठी सोमवारीच निघा.