ईव्ही परवडते का आणि पर्यावरणाला खरंच बरी का: वाद घालण्याआधी स्वतःचा हिशोब असा मांडा

ईव्हीचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाडीचा, वाद निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात, एकजण म्हणतो धूर नाही म्हणजे प्रदूषण नाही, दुसरा म्हणतो वीज शेवटी कोळशातूनच येते मग फरक काय पडला. दोघांचंही अर्धंच खरं आहे, आणि या ओढाताणीत ज्याला खरोखर गाडी घ्यायचीय तो मात्र तसाच लटकून राहतो. म्हणून मी हिशोब कसा करतो ते लिहितोय.

आधी एकच आकडा काढा, वर्षाला तुमची गाडी किती किलोमीटर फिरते. अंदाजाने नको. सर्व्हिसिंगच्या बिलावर किलोमीटर लिहिलेले असतात, वर्षभराच्या अंतराची दोन बिलं घ्या आणि वजाबाकी करा. पैसे असोत की पर्यावरण, दोन्हीचं उत्तर याच आकड्यावर उभं आहे.

आता पैसे. ईव्ही आणि तशाच पेट्रोल गाडीच्या किमतीतला फरक काढा, त्यात टॅक्स, इन्शुरन्स आणि घरी बसवायचा चार्जर पण धरा. मग एक किलोमीटरला पेट्रोलचा खर्च किती आणि विजेचा किती हे काढा, आणि पहिल्या फरकाला या दुसऱ्या फरकाने भागा. जो आकडा येईल तितके किलोमीटर फिरल्यावर गाडी पैसे वाचवायला लागते, त्याला वर्षाच्या किलोमीटरने भागलं की किती वर्षं लागतील ते कळतं. विजेचा दर मात्र जिथे रोज चार्ज करणार तिथलाच धरा, कारण घरची वीज आणि रस्त्यावरचा फास्ट चार्जर यांच्या दरात बराच फरक असतो, आणि घरी पार्किंगला प्लगच नसेल तर आख्खा हिशोब बदलतो. टॅक्सी किंवा डिलिव्हरीची गाडी असेल, रूट ठरलेला आणि रात्री एका जागी उभी, तर ईव्ही पटकन वसूल होते. लांब पल्ल्याच्या ट्रकचं तसं नाही, बॅटरीचं वजन मालाच्या वजनातून कमी होतं आणि चार्जिंगला थांबलेला वेळ म्हणजे बुडलेला धंदा.

एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात, मीटरमधून निघालेली सगळी वीज बॅटरीत जात नाही. ५० युनिटची (म्हणजे ५० किलोवॉट-तासांची) बॅटरी २० टक्क्यांवरून ८० पर्यंत नेली तर बॅटरीत ३० युनिट जातात, पण मीटर ३४ च्या आसपास फिरलेला असतो, बाकीची चार्जिंगमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणून ब्रोशरमधला आकडा न घेता चार्जिंगच्या आधी आणि नंतर मीटरचं रीडिंग लिहून ठेवा.

पर्यावरणाचा हिशोब पण असाच होतो आणि मला वाटतं खरा वाद इथेच मिटू शकतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तेल काढणं, रिफायनरी, वाहतूक धरली तर तो २.९ च्या आसपास जातो. गाडी लिटरला १५ किमी देत असेल तर किलोमीटरला सुमारे १९० ग्रॅम. ईव्हीला १०० किमीला मीटरवरचे १७ युनिट धरा. सगळी वीज कोळशाची असेल, म्हणजे युनिटला ९०० ग्रॅमच्या आसपास, तर किलोमीटरला १५३ ग्रॅम होतात. विजेचं मिश्रण बरं असेल, म्हणजे कोळशासोबत पाणी, वारा, सूर्य यांचीही वीज असेल, समजा युनिटला ४५० ग्रॅम, तर ७७.

म्हणजे निव्वळ कोळशावर चालवली तरी ईव्ही थोडी पुढेच आहे, कारण इंजिनमध्ये पेट्रोलची बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते आणि मोटरमध्ये तसं होत नाही. पण कारखान्यातून निघतानाच तिच्या डोक्यावर कर्ज असतं. बॅटरी बनवताना दर युनिट क्षमतेमागे ८० किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ५० युनिटच्या बॅटरीचे ४ टन झाले. बऱ्या विजेवर हे कर्ज साधारण ३५ हजार किमीत फिटतं, निव्वळ कोळशावर त्यालाच लाखाच्या वर किलोमीटर लागतात. नॉर्वेत बहुतेक वीज पाण्यापासून होते, तिथे ते अजून लवकर फिटतं. तुमच्या भागातली वीज कशापासून बनते ते शोधा आणि माझ्या आकड्यांच्या जागी तुमचे टाका.

खाणींचा प्रश्न कार्बनच्या हिशोबात येत नाही, तरी तो सोडू नका. जगातला बहुतांश कोबाल्ट काँगोतून येतो आणि तिथल्या खाणींत लहान मुलं राबतात हे नजरेआड करता येत नाही. गाडी निवडताना बॅटरी कुठल्या प्रकारची आहे ते विचारा, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीत कोबाल्ट आणि निकेल दोन्ही नसतात, फक्त तेवढ्याच वजनात ती रेंज थोडी कमी देते.

रेंजचंच बोलायचं तर रोज ४० किमी जाणाऱ्याने ५०० किमीची बॅटरी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, जितकी मोठी बॅटरी तितकं कार्बनचं कर्ज मोठं आणि किंमतही. आणि ज्यांची गाडी वर्षाला तीन-चार हजार किमीच फिरते त्यांनी हातातली चांगली चालणारी पेट्रोल गाडी मोडून नवी ईव्ही घेण्यात ना पैसे वाचतात ना कार्बन. घ्यायचीच असेल तर सेकंडहँड बघा, बॅटरीची किती क्षमता शिल्लक आहे याचा रिपोर्ट मागा आणि वॉरंटी किती उरलीय ते तपासा, बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीपर्यंत ७० टक्के क्षमतेची हमी देतात.